चंद्रपुरात स्टेकहाउस चालेल का? आधी एका खुर्चीचा हिशोब मांडू

हॉटेल व्यवसायावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "ताई, पुण्या-मुंबईत स्टेकची एक प्लेट दीड-दोन हजाराला जाते. आपल्याकडे मटणाची थाळी तीनशेला देताना गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. मग तसंच भारी हॉटेल चंद्रपुरात नाहीतर गडचिरोलीत काढलं तर?"

सरळ उत्तर देते. जसंच्या तसं काढलं तर नाही चालणार. पण तिथे एकदा जाऊन जेवून या, असंही मी सांगेन. ज्याला खानावळ, ढाबा, फॅमिली रेस्टॉरंट किंवा ताडोब्याच्या गेटजवळ छोटं जेवणाचं ठिकाण काढायचं आहे, त्याच्यासाठी ते दोन तासांचं महागडं ट्रेनिंगच आहे. मात्र काय बघायचं ते माहीत असलं पाहिजे. नाहीतर आपण पिवळे दिवे, काळ्या भिंती आणि लाकडी पाट्यांचे फोटो काढून परत येतो, आणि लोन काढून तेच इथे लावतो.

माझं भांड्यांचं दुकान आहे. नवीन हॉटेल काढणारी पोरं पहिली खरेदी माझ्याकडे करतात. सिझलरच्या लोखंडी तव्यांची आणि काळ्या प्लेटांची चौकशी सगळे करतात. वजनकाटा क्वचितच कोणी मागतो. हा लेख त्या वजनकाट्यासाठीच आहे असं समजा.

आधी, स्टेक म्हणजे नेमकं काय

स्टेक म्हणजे मांसाचा जाड, बिनहाडाचा (कधी हाडासकटही) एकच तुकडा. जास्त आंचेवर थोडाच वेळ भाजायचा. मीठ, मिरी, लोणी. रस्सा नाही, वाटण नाही. परदेशात हा तुकडा गायी-बैलाचा असतो. आपल्या राज्यात 1976 च्या प्राणी रक्षण कायद्यात केलेली दुरुस्ती मार्च 2015 मध्ये लागू झाली. त्याआधी फक्त गोहत्येवर बंदी होती, ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. म्हैस-रेडा त्यात नाही. म्हणून मुंबई-पुण्याच्या मेनूवर 'टेंडरलॉइन' किंवा 'बफ' लिहिलेलं दिसलं तर ते म्हशीचं समजायचं. तेव्हा मुंबईतल्या कितीतरी हॉटेलांनी आपला मेनू बदलला. ज्या मालावर धंदा उभा आहे तो माल एका कायद्याने बंद होऊ शकतो, हे धंद्याच्या वहीत लिहून ठेवा. ज्यांच्याकडे दोन-तीन पर्याय आधीच तयार होते, त्यांना बदल सोपा गेला.

तुम्ही म्हशीचं खात नसाल तर काही बिघडत नाही. चिकन, मासा किंवा मशरूम-पनीरची प्लेट मागवा. आपण जे शिकायला जातोय ते सगळ्या प्लेटांत सारखंच आहे.

या तुकड्यासाठी खाटकाकडे जुना शब्द आहे 'अंडरकट'. जनावराच्या कमरेजवळचा, कमी हलणारा म्हणून मऊ राहणारा भाग. अख्ख्या मांसात हा भाग दोन-तीन टक्केच निघतो, म्हणून तो महाग. त्यातही चरबी, पडदा, टोकं काढून टाकावी लागतात. हिशोबासाठी धरू की 500 रुपये किलोने दोन किलोचा तुकडा आणला, म्हणजे हजार रुपये गेले. साफ केल्यावर हातात राहिलं 1 किलो 400 ग्रॅम. आता भाव 500 राहिला नाही, तो 714 झाला. पुष्कळ नवे हॉटेलवाले इथेच फसतात. ते बाजारभावाने हिशोब धरतात, साफ केलेल्या मालाच्या भावाने धरत नाहीत. हेच मटणाला, कोंबडीला, कोलंबीला आणि मेथीच्या जुडीलासुद्धा लागू आहे.

200 ग्रॅमचा स्टेक धरला तर मांस 143 रुपयांचं. बटाटा, भाजी, लोणी, सॉस यांचे 90 धरा. झाले 233. मेनूवर किंमत 1,400. ऐकलं की आपला माणूस म्हणतो, "काहून बा, लुटायलाच बसले का हे?"

लुटत नाहीत. बाकीचे पैसे कुठे जातात ते खुर्चीला विचारायचं.

खुर्चीचा भाव

हॉटेल जेवण विकतं असं आपल्याला वाटतं. खरं तर ते खुर्ची तासावर भाड्याने देतं आणि भाडं जेवणाच्या रूपात घेतं. एकदा या नजरेने बघितलं की सगळं बदलतं.

मोठ्या शहरातल्या स्टेकहाउसमध्ये माणूस दोन तास बसतो. स्टेक, सूप, काहीतरी पेय, शेवटी गोड, असं धरून टॅक्स सोडून माणशी 2,000 होतात म्हणू. संध्याकाळी सातनंतरच गर्दी. सोमवार ते गुरुवार एक खुर्ची दिवसातून एकदा भरते, शुक्रवार-शनिवार-रविवार दोनदा. आठवड्याला दहा गिऱ्हाइकं, म्हणजे 20,000 रुपये.

आता आपल्याकडची साधी सावजी खानावळ घ्या. माणूस अर्ध्या तासात जेवून उठतो, 300 देतो. दुपारी तीन, रात्री तीन अशी सहा माणसं एका खुर्चीवर दिवसाला बसली आणि आठवड्याचे सहा दिवस धरले, तर 36 गिऱ्हाइकं. 10,800 रुपये.

वरवर बघता स्टेकहाउस दुप्पट कमावतं. पण जागा मोजा. तिथे टेबलं लांब-लांब असतात, एका माणसामागे 20 चौरस फूट सहज जातात. खानावळीत 12 फुटांत काम भागतं. 20,000 भागिले 20 म्हणजे चौरस फुटामागे आठवड्याला 1,000. 10,800 भागिले 12 म्हणजे 900. बस, एवढाच फरक! आणि तो हजार मिळवायला त्यांना मुंबईतल्या वांद्र्याचं किंवा पुण्यातल्या कोरेगाव पार्कचं भाडं भरावं लागतं, इंग्रजी बोलणारा वेटर ठेवावा लागतो, नॅपकिन धुवावे लागतात. 900 मिळवणारा चंद्रपूरच्या भाड्यात बसलाय.

हे आकडे मी हिशोब समजावा म्हणून धरलेत. तुमच्या गावाचे आकडे घालून बघा.

आता ज्या चुकीमुळे घरचं सोनं गहाण पडतं ती बघू. आपला पोरगा दहा लाखाचं लोन काढतो. शहरातल्यासारखं ऐसपैस, एका माणसाला 20 फूट, एसी, मंद गाणी. लोकांना आवडतं, लोक दोन तास बसतात. पण बिल होतं माणशी 500, कारण आपल्याकडे तेवढंच होतं. आठवड्याला तेच दहा गिऱ्हाईक धरले तर एका खुर्चीचे 5,000. चौरस फुटाला 250. बाजूचा खानावळवाला 900 कमावतोय, आणि लोक म्हणतात याचं हॉटेल किती चांगलं! शहराकडून जागा आणि वेळ घेतला, बिल नाही घेतलं. असं हॉटेल पहिल्या सहा महिन्यांत गर्दी असूनही डुबतं, आणि मालकाला कळत नाही की गल्ला भरलेला दिसत असताना पैसा जातो कुठे.

दारूचा मुद्दाही इथेच येतो. मी कोणाला ती विकायला सांगत नाही, पण हिशोबात लपवूनही चालणार नाही. भारी रेस्टॉरंटच्या नफ्याचा मोठा भाग पेयांतून येतो. बाटली उघडायला आचारी लागत नाही, काही वाया जात नाही. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात एप्रिल 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. म्हणजे गडचिरोलीत बसून शहरी रेस्टॉरंटचा मेनू उतरवायचा, तर त्यांच्या नफ्याचा एक पाय आधीच कापलेला आहे. मग ती भर कशातून काढायची? ताक, सोलकढी, चांगला चहा, गोड पदार्थ, पार्सल. आणि मुख्य म्हणजे खुर्ची लवकर रिकामी होणं.

जीएसटीचं एक लक्षात असू द्या. साध्या रेस्टॉरंटला 5 टक्के लागतो, पण त्यात इनपुट क्रेडिट नाही. एसी, फर्निचर, भाडं यांवर तुम्ही भरलेला जीएसटी वजा होऊन मिळत नाही. म्हणून सजावटीवरचा प्रत्येक रुपया टॅक्ससकट तुमच्याच खिशातून गेला असं धरून चला.

तिथे गेल्यावर काय बघायचं

जाताना लाजायचं नाही. काटा-चमचा उजव्या हातात की डाव्या, यावरून कुणी बाहेर काढत नाही. सुरी उजव्या हातात, काटा डाव्या, एका वेळी एकच घास कापायचा, एवढं पुरे. आधी फोन करून टेबल ठेवा. मेनू त्यांच्या साईटवर बघून बजेट ठरवा. दोघांनी जा, वेगवेगळं मागवा. पहिल्यांदा जात असाल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. गर्दी कमी असते आणि वेटर बोलतो.

वेटर विचारेल, "कसं शिजवून हवं?" रेअर म्हणजे आत लाल. मीडियम म्हणजे मध्ये गुलाबी. वेल डन म्हणजे पूर्ण शिजलेलं. मीडियम रेअरला आतलं तापमान साधारण 55 अंश सेल्सिअस असतं, वेल डनला 70 च्या वर. आपल्या जिभेला पहिल्यांदा मीडियम किंवा मीडियम वेल बरं पडतं. म्हशीच्या मांसात चरबी कमी असते, फार शिजवलं की चिवट होतं.

पण धंदेवाल्याने त्या प्रश्नाकडे वेगळ्या कानाने ऐकायचं. कमी शिजलेला तुकडा परत तव्यावर टाकता येतो. जास्त शिजलेला मागे आणता येत नाही, तो फेकावा लागतो. म्हणून वेटर विचारतो, कागदावर लिहितो, पुन्हा वाचून दाखवतो. दहा सेकंदांच्या त्या प्रश्नाने एक अख्खी प्लेट वाचते. आपल्या सावजीत जास्त तिखटाची भाजी परत येते तेव्हा काय होतं? ती प्लेट वाया, गिऱ्हाईक नाराज, आणि आचारी म्हणतो "सावजी म्हणजे तिखटच राहते ना." ताडोब्याला आलेल्या पुण्याच्या कुटुंबाला बसल्याबरोबर विचारा, "तिखट किती चालेल, लहान पोरांसाठी वेगळं काढू का?" याला एक रुपयाही लागत नाही.

मग घड्याळ बघा. ऑर्डर दिल्यापासून सूप किती मिनिटांत आलं, स्टेक किती मिनिटांत. भाजून झाल्यावर मांस काही मिनिटं तसंच ठेवतात, म्हणजे कापताना रस ताटात वाहून जात नाही. या थांबण्याच्या वेळात तुमच्यासमोर ब्रेड-लोणी येतं. भुकेलं गिऱ्हाईक रिकाम्या टेबलावर दहा मिनिटं बसलं तर त्याला अर्धा तास वाटतो. आपल्याकडे कांदा-लिंबू आणि भाजलेला पापड आल्याबरोबर ठेवणारी खानावळ हेच करत असते, नाव वेगळं.

मेनू उचला आणि पदार्थ मोजा. चांगल्या स्टेकहाउसचा मेनू लहान असतो. पॅरिसमध्ये 1959 साली सुरू झालेलं एक रेस्टॉरंट आहे, लोक त्याला 'लांत्रकोत' म्हणतात. तिथे मुख्य जेवणाचा एकच पदार्थ आहे. आधी सॅलड, मग स्टेक आणि तळलेले बटाटे. वेटर फक्त विचारतो, किती शिजवू. तेवढ्यावर त्यांच्या शाखा निघाल्या. आणि आपल्या नव्या फॅमिली रेस्टॉरंटच्या मेनूत पंजाबी, चायनीज, साऊथ, पिझ्झा, सगळं मिळून दीडशे पदार्थ. दीडशे पदार्थांचा कच्चा माल फ्रिजमध्ये पडून असतो. त्यातले वीस विकले जातात, बाकीचे सडतात. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांनी हातमाग मंदावल्यावर सावजी खानावळी काढल्या, तेव्हा त्यांच्याकडेही चार-पाचच पदार्थ होते. तेवढ्या जोरावर सावजी हे नाव आज विदर्भाबाहेर चालतं. पॅरिसला जायची गरज नाही, उदाहरण दीडशे किलोमीटरवर आहे.

मेनूवर ग्रॅम लिहिलेले असतात तेही बघा. 200 ग्रॅम, 250 ग्रॅम. हे वजन गिऱ्हाइकासाठी आहे त्याहून जास्त मालकासाठी आहे. आपल्याकडे मटण पळीने वाढतात. 800 रुपये किलोचं मटण धरा. ठरलं होतं प्लेटला 150 ग्रॅम, आचाऱ्याच्या हातून गेलं 180. तीस ग्रॅम म्हणजे 24 रुपये. दिवसाला 60 प्लेटा, 1,440 रुपये. महिन्याचे 26 दिवस, 37,440. हा तुमचा स्वतःचा पगार होता, तो पळीतून गेला. कच्चं मटण प्लेटच्या हिशोबाने तोलून शिजवा, म्हणजे मोजकेच तुकडे मोजके वाढता येतात. काटा हजार-दीड हजारात येतो. माझ्याकडूनच घ्या असं नाही, कुठूनही घ्या.

शेवटी बिल. साधं रेस्टॉरंट असेल तर 5 टक्के जीएसटी. ज्या मोठ्या हॉटेलच्या खोलीचं भाडं दिवसाला 7,500 च्या वर जातं, त्याच्या आतलं रेस्टॉरंट असेल तर 18 टक्के. म्हणून तेच जेवण पंचतारांकितमध्ये अंगावर येतं. 'सर्व्हिस चार्ज' लावलेला असेल तर तो सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तसं सांगितलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा. आणि उद्या स्वतःचं हॉटेल काढाल तेव्हा बिलात असं काही घुसवू नका. आपल्या गावात गोष्ट एका दिवसात पसरते.

इथे काय आणता येईल

परदेशी पदार्थ आपल्याकडे कसा रुजतो याचं उत्तम उदाहरण सिझलर आहे. मुंबईत 1960 च्या दशकात इराणी हॉटेलवाल्यांनी तो आणला. पुण्यात कॅम्पातलं 'द प्लेस : टुशे द सिझलर' त्यातलंच जुनं नाव. विचार करा, स्टेक थोडा थांबवून, कोमट खातात. आपल्या माणसाला ताट गरम लागतं, वाफाळतं. नुसत्या मांसाने त्याचं पोट भरत नाही, भात-बटाटा-भाजी पाहिजे. घरात एक जण शाकाहारी असतोच. तापलेल्या लोखंडी तव्याने हे तिन्ही प्रश्न सोडवले, आणि वर चुर्र आवाजाने फुकट जाहिरात! एक प्लेट गेली की चार टेबलं माना वळवून बघतात आणि तेच मागवतात. ज्याने हे केलं त्याने स्टेकहाउसची नक्कल केली नाही, आपलं गिऱ्हाईक बघून ते फिरवलं.

आपल्याकडे पैसे खर्च करणारं गिऱ्हाईक नाही हेही खरं नाही. ताडोब्याला मोहर्ली आणि कोलाऱ्याला येणारे लोक सफारीला हजारो मोजतात. कोळसा खाणी, वीज केंद्र, बल्लारपूरची पेपर मिल, सिमेंट कारखाने, आता सुरजागड-कोनसरीकडे आलेले इंजिनिअर आणि ठेकेदार. यांना स्वच्छ जागा, वेळेवर जेवण आणि पक्कं बिल पाहिजे, त्यासाठी ते शंभर-दीडशे जास्त देतात. फक्त ताडोब्याच्या भरवशावर बसणाऱ्याने कॅलेंडर भिंतीवर लावावं. मंगळवारी कोअरची सफारी बंद असते आणि पावसाळ्यात तीन महिने कोअर बंद. ते तीन महिने भाडं आणि हप्ता मात्र चालूच असतो.

आणि या लोकांना इथे येऊन शहरातला स्टेक खायचाच नसतो. त्यांना गावरान कोंबडी, तलावातली मासोळी, झिंगे, पावसाळ्यात बांबूचे वास्ते, आपल्या धानाचा भात पाहिजे असतो. स्टेकहाउस 20 रुपयांचा बटाटा लोण्यात घोटून, छान वाटीत घालून 250 ला विकतं. आपण वास्त्याची भाजी भाजीवालीकडून घेतो आणि थाळीत फुकट टाकतो. ती वेगळ्या वाटीत द्या, मेनूवर तिचं नाव लिहा, 80 रुपये लावा.

एक इशारा, कारण हे सर्रास विचारलं जातं. पर्यटक हळूच म्हणतात, "जंगलातलं काही मिळेल का? ससा, रानडुक्कर?" 'नाही' म्हणायचं, हसून पण स्पष्ट. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तुरुंग आहे, आणि तो विकत घेणाऱ्याला तर आहेच, विकणाऱ्या तुम्हालाही आहे. जे मांस विकाल ते परवाना असलेल्या ठिकाणचं, बिलासकट. बिलं फाईलला लावून ठेवा.

पुढच्या व्हिडिओत आपण एका खऱ्या मेनूचा खुर्चीप्रमाणे हिशोब करणार आहोत. तुमचा मेनू पाठवायचा असेल तर प्रत्येक पदार्थापुढे तीन गोष्टी लिहून पाठवा: विकायचा दर, कच्च्या मालाचे ग्रॅम, आणि गिऱ्हाईक किती मिनिटं बसतं. भिंतीच्या रंगाचे फोटो नको.